किटलीची चुकलेली सावली

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो. पण मला रद्दीतला समजू नका! माझ्यावर चित्र आहे. एक टेबल, टेबलावर पितळेची किटली आणि किटलीची सावली. दातांच्या दवाखान्यात बाकासमोरच्या भिंतीवर मी काचेमागे राहतो. माझ्या अंगभर चुण्या आहेत. त्या कशा पडल्या, तेच सांगतो.

मला एका बस ड्रायव्हरने रंगवले. एकदा वळणावर त्याची बस घसरली. कोणाला खरचटलेही नाही, पण त्या दिवसापासून स्टिअरिंग धरले की त्याचे हात थरथरायचे. त्याला महिनाभर रजा मिळाली. त्यानंतर पुन्हा बस चालवायची, नाहीतर कायमचे डेपोतल्या खुर्चीवर बसायचे. वीस वर्षे त्याने रस्त्यावर काढली होती. तो घरभर येरझारा घालू लागला. राग तर सदा नाकावर.

एके दिवशी त्याच्या लेकीने मला त्याच्यापुढे ठेवले आणि शेजारी आपली रंगपेटी उघडली.

"बाबा, समोरची किटली काढा. दिसते तशीच. घाई करायची नाही."

"अगं, मला माणसाचं डोकंसुद्धा धड काढता येत नाही!"

"किटलीला डोकं नसतं बाबा, झाकण असतं."

तो हसला आणि बसला. माझी सर्वांत खालची रेघ नीट बघा. ती पहिल्या दिवशीची आहे, नुसती थरथरते. मग किटलीचे पोट बघा, तोटी बघा. वर जाल तशी रेघ शांत होत गेली आहे. झाकण तर एका दमात काढलेले. किटलीकडे बघता बघता तो ते वळण विसरायचा, श्वासही सावकाश घ्यायचा. मला हे कळायचे, कारण त्याचे मनगट माझ्यावरच टेकलेले असायचे.

किटली जागची हलवायची नाही, अशी घरात सक्त ताकीद होती. तीन आठवडे त्याची बायको पातेल्यात चहा करत होती. "अहो, मी तरी हलले तर चालेल ना?" असे टोमणे मारायची, पण किटलीला बोट लावायची नाही.

रजेचे चार दिवस उरले असताना मी पूर्ण झालो. बायकोने मला कौतुकाने हातात घेतले आणि तिच्या तोंडून निघून गेले, "अहो, उजेड उजवीकडून येतोय, मग सावलीपण उजवीकडेच कशी?"

चूक खरीच होती. सकाळी उजव्या खिडकीतून ऊन यायचे, तेव्हा त्याने किटली रंगवली. संध्याकाळी ते डाव्या खिडकीतून यायचे, तेव्हा सावली.

"एक सावली जमत नाही, आणि मी बस चालवणार!" असे म्हणत त्याने माझा बोळा केला आणि केराच्या टोपलीत फेकला. मित्रांनो, तेव्हा मला फार वाईट वाटले. स्वतःपेक्षाही त्याच्यासाठी जास्त.

बायकोने मला गुपचूप उचलले, गादीखाली दाबून सरळ केले आणि दातांचा डॉक्टर असलेल्या आपल्या भावाकडे दिले. त्याने मला चौकट करून भिंतीवर लावले.

रजेच्या शेवटच्या दिवशी लेकीची दाढ दुखू लागली. तिला घेऊन ड्रायव्हर दवाखान्यात आला, तर समोर मी! त्याने लाजून मान खाली घातली. बाकावर गाल सुजलेले एक मास्तर होते आणि शेजारी पिशवी कवटाळून बसलेल्या एक काकू.

"सावली चुकलीय हो," मास्तर म्हणाले.

काकूंनी बराच वेळ निरखून पाहिले. मघापासून हलणारा त्यांचा पाय थांबला. "चुकली कशी? किटली सकाळची आहे आणि सावली संध्याकाळची."

"म्हणजे हा माणूस दिवसभर किटलीपुढे बसून होता?" मास्तरांचा हात गालावरून कधी खाली आला, त्यांनाही कळले नाही.

"बसलाच असणार. किती शांत माणूस असेल!"

लेकीने बाबांना कोपराने डिवचले. ड्रायव्हरने गुडघ्यांवरच्या आपल्या हातांकडे पाहिले. ते थरथरत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या रस्त्यावरून एक बस सावकाश वळली, आणि स्टिअरिंगवर तो होता. मला हात नाहीत, नाहीतर टाळ्या वाजवल्या असत्या.

म्हणून सांगतो मित्रांनो, तुमचे चित्र चुकले तर त्याचा बोळा करू नका. त्यात तुम्ही शांत बसलेला वेळ असतो. आणि दुसऱ्याचे चित्र दिसले तर धावत पुढे जाऊ नका, जरा थांबा.

तो ड्रायव्हर आता निवृत्त झाला आहे. परवा कवळी बसवायला आला होता. शेजारी एक चिमुरडी आईचा हात घट्ट धरून मुसमुसत होती.

"त्या किटलीत एक गंमत आहे," तो तिला म्हणाला. "सापडते का बघ."

तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघू लागली. थोड्या वेळाने आतून तिला हाक आली.

"थांबा ना," ती म्हणाली, "मी अजून बघतेय."