बाईंडरबाबांच्या ब्लॉगचा लॅपटॉप

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, आणि हे सांगताना माझी मान खाली जात नाही. माझ्या चार कळांवरची अक्षरं पुसली गेली आहेत. ती कुणाच्या बोटांनी पुसली, तेच आज सांगतो.

कारखान्यातून मी एका मुलीच्या टेबलावर आलो. तिचं शिक्षण माझ्यावर झालं. पुढे तिला नवा लॅपटॉप मिळाला आणि मी कपाटात चादरींखाली गेलो. तिथे दोन वर्षं धूळ खाल्ली.

मला बाहेर काढलं ते तिच्या बाबांसाठी. बाबा पुस्तकं बांधायचे. हात थरथरू लागले तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं. जुजबंदी, म्हणजे पानांच्या घड्या दोऱ्याने एकमेकींत शिवायची रीत, त्यांच्याकडून कुणी शिकून घेतली नव्हती. हातातलं हातातच राहून जाईल, एवढीच त्यांना धास्ती होती. लेकीने त्यांना ब्लॉग काढून दिला आणि ती आपल्या गावी गेली.

ब्लॉगचं नाव ठरवण्यात बाबांचे पंधरा दिवस गेले, पानाचा रंग निवडण्यात आणखी आठ. पहिला लेख कागदाच्या जन्मापासून सुरू झाला आणि सुईपर्यंत पोहोचलाच नाही. तो पुसून ते पुन्हा बसले. एका बोटाने, अक्षर शोधत, रोज सकाळी. चार महिन्यांत एकोणीस लेख झाले. लेकीने फोनवर विचारलं की म्हणायचे, "चाललंय."

एकदा तिने ब्लॉग उघडून पाहिला. तो कोरा होता. ती आली, मला उघडलं, तर एकोणीसच्या एकोणीस लेख माझ्या पोटात जतन केलेले. एकही प्रकाशित नव्हता.

"अपुरं पुस्तक मी कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिलं नाही," बाबा म्हणाले. "सगळं लिहून होऊ दे, मग एकदम देऊ."

"शेवटचं पान कधी येणार, बाबा?"

आई भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "शटर खाली ओढून आत माल रचत बसलेत."

बाबा हसले नाहीत. थोडा वेळ त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग पुठ्ठे चिकटवायची खळ शिजवण्याचा लेख निवडला आणि माझी कळ दाबली.

पहिल्या आठवड्यात तीन वाचक आले. दोन घरातले, तिसरे ते स्वतः. दुसऱ्यांचे ब्लॉग पाहून ते हिरमुसायचे. लेकीने बजावलं होतं, आकडा बघू नका, दर बुधवारी एक लेख टाका. त्यांनी बुधवार चुकवला नाही.

सातव्या बुधवारी एका शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी लिहिलं, "तुमच्या रीतीने चौदा पुस्तकं शिवली. एकाची पानं निसटतात. काय चुकलं?"

बाबांनी ते आईला तीनदा वाचून दाखवलं. "चूक विचारतायत," ते म्हणाले, "म्हणजे हाताने केलंय." मित्रांनो, त्या दिवशी माझा पंखा जरा जास्तच जोरात फिरला.

असे दोन वर्षं बुधवार गेले. मग बाबा गेले.

महिन्याभराने लेकीने मला उघडलं. एक लेख अर्धा राहिला होता. शेवटची ओळ होती, "ओला पुठ्ठा उन्हात वाळवू नका, कारण". तिने पुढे काही लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. अखेर लेख होता तसाच प्रकाशित केला. खाली एवढंच लिहिलं की याच्यापुढे बाबांनी लिहिलेलं नाही. वार बुधवारच होता.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या यंत्रातही कुणाचं असं काही अर्धं पडलेलं असेल. आमची धूळ पुसा, आत काय आहे ते बघा, त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. आम्ही काही अमर नाही. आणि पूर्ण होण्याची वाट बघत ते झाकून ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी त्या लेखाखाली ग्रंथपाल बाईंच्या ओळी आल्या: "कारण तो वाकतो. माझे पाच वाकलेत. सावलीत, वजनाखाली, दोन दिवस ठेवावा."

या ओळी माझ्या कळांवर लिहिलेल्या नाहीत. पण माझ्या पडद्यावर इतकी मोलाची गोष्ट दुसरी उमटलेली नाही.