गोदूचा राहिलेला धवला

मी मिठागरात मीठ ओढत होतो. जनी बांधावर येऊन उभी राहिली आणि तिथूनच ओरडली, "काळूदादा, तुज्या पोरीच्या लग्नात मी तोंड शिवून बसू काय?"

"का गं? धवलारीण तू हायस ना आता?"

"धवलारीण तुजी बायको व्हती. मी तिच्यामागं सूर धरणारी. निम्मे धवले मला येतात, निम्मे गोदूवयनी घेऊन गेली."

आमच्या आगऱ्यांत लग्न लागतं ते धवल्यांच्या गाण्यांवर. धवलारीण गाते आणि मांडवातलं एकेक काम पुढं सरकतं. गोदू जुने धवले गायचीच, पण मधेमधे स्वतःचे घालायची. आमच्या कामोठ्यात जे रोज घडायचं, तेच त्यात असायचं. खेकड्यांनी पोखरलेला बांध, भाताच्या रोपांच्या मुठी, पनवेलच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन गेलेल्या बाया. शेजारच्या गणूच्या रेड्यानं बांध फोडला, तर तो रेडाही लग्नात आला. गणू दोन दिवस आमच्याशी बोलला नव्हता.

तिला अक्षर येत नव्हतं. भादव्यात तापानं गेली. वर्षाच्या आत पोरीचं लग्न करायचं म्हणून मी वैशाखातला दिवस धरला. तिच्या आईचे धवले तरी मांडवात असावेत, एवढंच माझ्या मनात होतं.

संध्याकाळी जनी ओटीवर येऊन बसली. "सांग. तुज्याच बाजूला ती मीठ ओढायची. तूच आयकलंस."

मी खूप आठवलं. एक ओळ आली नाही.

"चोवीस वर्षं काय कानात बोळे घातले व्हतेस?" जनी म्हणाली आणि रागानं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी वाफ्यात उतरलो. लांब दांड्याची फळी पुढं टाकली, मागं ओढली. पुन्हा टाकली, ओढली. चौथ्या का पाचव्या ओढीला माझ्या तोंडून गोदूचे शब्द बाहेर पडले. हात थांबवला, शब्द थांबले. हात चालवला, पुढची ओळ आली.

मी जनीला बोलावून घेतलं. मी ओढत होतो आणि जनी बांधावरून माझ्याबरोबर चालत एकेक ओळ तोंडात घोळवत होती. शेजारच्या वाफ्यातून गणू हसला. "काळू, आता लुगडंच नेस! बाप्या धवले गातोय!"

"तुजा रेडा येतोय आता, गप आयक," जनी म्हणाली.

रेडा आला, खेकडे आले, पाटी आली. दुपारपर्यंत सात धवले झाले. मग एक आला, तो म्हणताना माझाच हात जड झाला.

*बापा रं बापा, लेक तुजी देशी,*
*मिठाच्या घराला देऊ नको.*
*डोल्याचं पानी, आगराचं पानी,*
*दोनी बी खारी, वलखू कशी?*

जनी बांधावर खाली बसली. गणूही हसायचा थांबला.

हा धवला गोदू माझ्याशेजारी उभं राहून म्हणायची. पायाच्या भेगांत खारं पाणी जायचं तेव्हा म्हणायची. मी त्याच्या ठेक्यावर फळी ओढायचो. काम भराभर व्हायचं, म्हणून मला तो आवडायचा.

"दादा," जनी हळूच म्हणाली, "रंभाला तू उरणला मिठागरवाल्यांच्याच घरी देतोयस."

"सुपारी फुटली गं."

"मंग हा नको घेऊ. ईनबाय रुसंल."

घरी गेलो. रंभा तांदूळ निवडत होती. तिला म्हटलं, "पोरी, तुज्या मनात नसंल तर सांग. मी सुपारी परत करतो. लोक काय बोलायचं ते बोलतील."

तिनं मान वर केली नाही. "बाबा, मला दुसरं काय काम येतंय?"

मी तसाच उठलो. जनीकडं जाऊन एवढंच सांगितलं, "तो धवला म्हण. गोदूनं केलेला हाय. मांडवात होऊ दे."

लग्नात रेड्याच्या धवल्याला सगळे हसले. गणूही हसला. मग जनीनं तो धवला धरला. माझी विहीण हौसाबाई हळदीची वाटी घेऊन पुढं बसली होती. मला वाटलं, आता उठते आणि भांडण काढते.

तिनं वाटी खाली ठेवली. हळदीनं पिवळे झालेले दोन्ही हात पदराखाली घेतले. पण मला ते दिसले होते. गोदूचे हात तसेच होते, बोटांच्या पेरांवर मिठानं चिरलेले.

"जने," ती म्हणाली, "पुन्यांदा म्हण."

जनीनं पुन्हा म्हटला. रंभा रडत होती. मी मांडवाच्या खांबाला धरून उभा होतो आणि माझा उजवा हात आपोआप पुढं जात होता, मागं येत होता.

या वेळी मी नीट ऐकलं.