नऊ विड्यांची आच

या, असे जवळ सरका. दारात वारं लागतं, इकडं भिंतीला टेकून बसा. एक गोष्ट सांगतो. देवाची म्हणाल तर देवाची, विडीची म्हणाल तर विडीची. पूर्वी मी सांगता सांगता मधेच गायला लागायचो, तुम्हाला माहीत आहे. आता गात नाही. का, ते ओघात कळेल.

माझ्या घराच्या मागल्या भिंतीला लागून कौलं भाजायची भट्टी आहे. भट्टीवाल्याला सगळा गाव धुराडं म्हणतो. आईबापांनी ठेवलेलं नाव त्याला स्वतःलाही आठवावं लागतं. भट्टीला धुराडं एक, आणि तिच्यासमोर उकिडवं बसलेलं हे दुसरं. तोंडात विडी, कानावर विडी, मुंडाशात अर्धी विझवून ठेवलेली विडी. हाक मारली तर आधी धूर यायचा, मग 'ओ' यायचं.

त्याची बायको, आमची वहिनी, माती मळायची. पायानं तुडवून, हातानं खडे वेचून. तिनं जन्मात विडीला हात लावला नाही. पण खोकायची ती. हा बारा महिने धूर सोडून ठणठणीत, आणि तिची मात्र चार पावलं चाललं की छाती शिट्टीसारखी वाजायची. शेवटी एकदा मीच दोघांना मोठ्या गावच्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरला. "विडी कोण ओढतं?"

"मी," धुराडं म्हणाला.

"मग यांची छाती अशी कशी?"

तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत बसला.

"घरात धूर दोन," डॉक्टर म्हणाला. "एक भट्टीचा, एक तुमच्या तोंडातला. भट्टी बंद करता येईल?"

"मग खायचं काय, साहेब?"

"तर दुसरा बंद करा. उद्यापासून नाही, आत्तापासून."

परत येताना रस्त्यातच त्यानं विड्यांचं बंडल ओढ्यात भिरकावलं आणि शपथ घ्यायला हात वर केला. वहिनीनं तो हात खाली ओढला.

"शपथा नकोत. मागं दोनदा घेतल्यात, दोन्ही मोडल्या. नुसतं म्हणा, ओढणार नाही."

"ओढणार नाही."

"बास. चला आता."

बोलणं सोपं गेलं. पुढचं ऐका. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत बरा होता. दुपारी जेवून उठला आणि हात आपोआप कानाकडं गेला. कानावर काही नाही. दुसऱ्या कानावर बघितलं. मग मुंडासं सोडून झटकलं. संध्याकाळी त्याच्याच्यानं साच्यातलं एक कौल सरळ निघेना. बायकोवर खेकसला, माझ्यावर खेकसला, कोपऱ्यातल्या ओल्या मातीच्या ढिगाला लाथ घातली आणि पाय रुतला म्हणून मातीला शिव्या दिल्या. माझी बायको चुलीपुढं बसली की हा आपला भिंतीपलीकडून नाक वर करून उभा. मी विचारलं, "काय रे, काय बघतोस?" तर म्हणाला, "बघत नाही दादा. वास घेतोय. तुझ्या चुलीचा धूर आज लई गोड वाटतोय."

दुकानात मीठ आणायला गेला तर दुकानदारानं सवयीनं मिठाबरोबर बंडल पुढं सरकवलं. हा बंडलाकडं बघत इतका वेळ उभा राहिला, की मागच्या बाईनं विचारलं, "देव दिसला का त्यात?" मीठ तिथंच टाकून घरी पळाला.

मग त्यानं एक युक्ती काढली. मातीच्या विड्या वळल्या. हुबेहूब. टोकाला निमुळत्या, मधे दोरा बांधल्याची खूणसुद्धा नखानं उमटवलेली. उन्हात वाळवायच्या आणि तोंडात धरून बसायचं. थुंकीनं टोक विरघळून ओठ लाल व्हायचे.

वहिनी म्हणायची, "पंचवीस वर्षं घरात धूर खाल्लात, आता माती खाताय. अन्न म्हणून कधी गोड लागायचं तुम्हाला?"

"गप बस. हिला ओढून बघ, थंड लागते."

"मी कशाला ओढू? तुमची ओढून पोट भरलंय माझं."

हसतहसतच म्हणाली ती. पण त्यानं तोंडातली मातीची विडी काढून बाजूला ठेवली.

असे तेवीस दिवस गेले. आता भट्टीचं सांगतो, म्हणजे खरी मेख कळेल.

कौलांची भट्टी पहाटे पेटवली की दिवसभर हळूहळू तापवत न्यायची. ते नजरेनं होतं. पण शेवटची मोठी आच असते ना, उन्हं उतरतानाची, तिथं नजर चालत नाही. ज्वाळा सगळी एकसारखीच पांढरी दिसते. तिथं यांच्या घराण्याचं माप होतं नऊ विड्यांचं. सरपणाचा एक भारा आत सारायचा आणि विडी पेटवायची. विडी संपली, दुसरा भारा, दुसरी विडी. नववी विझली की भट्टीचं तोंड चिखलानं लिंपायचं. त्याच्या बापाचं माप तेच, आज्याचं तेच. घड्याळ का नाही, असं आमच्या मास्तरांनी एकदा विचारलं होतं. तेव्हा धुराडं म्हणाला होता, "घड्याळाला वारा कुठं कळतो, मास्तर? वारा सुटला की भट्टी भरभर खाते, विडीही भरभर जळते. हवा कोंदट असली की दोघी रेंगाळतात. दोघींचं पोट एक आहे."

आणि नेमकं त्या वर्षी मास्तरांनीच शाळेच्या छपरासाठी तीन भट्ट्या कौलं सांगितली होती. जुनं छप्पर वाऱ्यानं गेलेलं, पोरं देवळाच्या ओवरीत बसून पाढे म्हणत होती. पावसाच्या आत छप्पर व्हायला हवं होतं.

विडी सोडल्यावरची पहिली भट्टी लावली. शेवटच्या आचेला त्यानं मनातल्या मनात माप धरलं. एक विडी एवढी, दोन विड्या एवढ्या. पण तल्लफ आलेल्या माणसाचं मन ते. त्याला वीतभर वेळ हातभर वाटतो. समोर ज्वाळा, नाकात धूर, बोटं रिकामी. त्यानं नऊ मोजल्या आणि तोंड लिंपलं. खऱ्या पाच-सहासुद्धा झाल्या नसतील.

तीन दिवसांनी भट्टी उघडली. रंग बरा होता. एक कौल उचलून बोटानं वाजवलं, तर खण् नाही, बद्द. पाण्याच्या पिंपात टाकलं आणि आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. थोड्या वेळानं पाणी गढूळ झालं. कौल तळाशी पुन्हा माती होऊन बसलं होतं. अख्खी भट्टी कच्ची. वहिनीनं दीड महिना तुडवलेली माती.

मास्तर डोक्याला हात लावून म्हणाले, "अरे बाबा, भट्टीपुरती ओढ ना. नऊच. त्यानं काय आभाळ कोसळणार आहे?"

कौलं वाहून नेणारा गाडीवान तर सरळच म्हणाला, "विडी सोडून तू भला माणूस झालास, पण कौलं करणारा राहिला नाहीस." गाव हसला. मीही हसलो. खोटं कशाला सांगू.

दुसरी भट्टी लावली. संध्याकाळ होत आली, मोठ्या आचेची वेळ झाली. धुराडं भट्टीसमोर उभा, हातात सरपणाचा पहिला भारा. तो भारा आत सारेना आणि खालीही ठेवेना. गाडीवान पुढं झाला. त्यानं स्वतःच्या तोंडात विडी पेटवली, एक झुरका मारून नीट लालभडक केली आणि याच्या बोटांत दिली. "घे. पोरांच्या शाळेसाठी घे. देवही माफ करेल."

माझ्या डोळ्यांदेखत त्याची बोटं मिटली. पंचवीस वर्षांची ओळख हो, बोटांना शिकवावं लागलं नाही. विडी ओठांपासून चार बोटांवर आली. त्याचे डोळे भरून आले होते, धुरानं की कशानं, देव जाणे.

तेवढ्यात भिंतीला धरून धरून वहिनी बाहेर आली. ओरडली नाही. भट्टीच्या बाजूला पालथं पिंप होतं, त्यावर बसली. श्वास जागेवर येऊ दिला आणि विचारलं, "एका विडीला वेळ किती लागतो?"

"म्हणजे?"

"म्हणजे माझं पद एकदा म्हणून होतं, तेवढा का?"

तिचं एक पद होतं. माती तुडवताना म्हणायची. मी कितीदा भिंतीआडून ऐकलेलं. देव दारात आलाय आणि ही त्याला थांबवतेय:

उभा राहा देवा दारी, हात माझे मातीचे,
एवढं एक वाळू दे, मग धुते, मग येते.

अशी चार कडवी. धुराडं पुटपुटला, "हो. साधारण तेवढाच."

"मग ती टाका आगीत. भारा सारा. मी म्हणते."

त्यानं पेटती विडी भट्टीत टाकली, तिच्यामागून भारा सारला. वहिनी गायला लागली. दुसऱ्या कडव्याला खोकला आला, थांबली, पुन्हा उचललं. तिसऱ्याला पुन्हा. पद संपलं, दुसरा भारा. त्यानं पिंपाजवळ मातीच्या नऊ विड्या ओळीनं मांडल्या आणि दर पदाला एक बाजूला सारत गेला. नववी सरली, तोंड लिंपलं.

भट्टी उघडली तेव्हा कौलं अशी वाजली, जणू कुणी टाळ वाजवतंय. एकही बद्द नाही.

आता तुम्ही म्हणाल, गाण्याला तरी वारा कुठं कळतो? सांगतो. कोरडा वारा सुटला की वहिनीची छाती मोकळी व्हायची, पद झरझर सरायचं. हवा कोंदट झाली की दम लागायचा, कडव्या-कडव्याला थांबायची, पद लांबायचं. भट्टीही तशीच. त्या छातीचं आणि भट्टीचं पोट एक झालं होतं. होणारच की! भट्टीचाच धूर भरला होता तिच्यात.

तिसऱ्या भट्टीला गाव गोळा झाला. आपापलं बसायचं घेऊन आले लोक. मी सगळ्यांत पुढं. मला गाण्याचं वेड, देवाच्या गाण्याचं तर फारच. मी डोळे मिटून डोलत होतो. ती खोकून थांबली की आम्हाला वाटायचं, काय आर्त म्हणते! नऊ झाली तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, आणखी एकदा होऊ दे. आमच्यासाठी."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि हसून दहाव्यांदा म्हटलं. धूर नेमका तिच्याच अंगावर येत होता. पिंप दोन हात बाजूला सरकवावं, एवढंसुद्धा मला सुचलं नाही. डॉक्टरकडं मीच घेऊन गेलो होतो, बरं का. दोन धुरांचं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

चौथ्या भट्टीला धुराडं म्हणाला, "तू नको. मी कसंतरी मोजतो."

"तुमचं मोजणं बघितलंय पिंपात," ती म्हणाली. "एवढी एकच राहिलीय."

त्या दिवशी हवा दाबून धरल्यासारखी. सातव्या पदाला ती इतका वेळ थांबली की मला वाटलं संपलं. पण तिनं उचललं. नऊ पुरी केली. तोंड लिंपेपर्यंत बसून राहिली.

चौथी भट्टी उघडायला ती नव्हती. दोन दिवस अंथरुणावर काढले आणि गेली. देव दारात उभा राहून राहून कंटाळला असेल. हात धुवायलाही थांबला नाही. तिच्या नखांत माती तशीच होती.

तिला पोचवून आम्ही परतलो. धुराडं भट्टीपाशी जाऊन बसला. गाडीवान त्याच्या शेजारी टेकला. माणूस वाईट नाही तो, त्याला दुसरं काही येत नाही एवढंच. त्यानं बंडल काढलं.

"घे आता एक. जिच्यासाठी सोडलीस ती गेली. आता कुणाचं काय बिघडायचंय?"

धुराड्यानं विडी घेतली, हुंगली. बराच वेळ नाकाशी धरून बसला. मग म्हणाला, "तल्लफ लई आहे रे. आजच्याइतकी कधीच नव्हती. पण ही पेटवली तर ती गेली कशानं, ते मला रोज दिसेल." आणि विडी परत बंडलात खोवली.

शाळेचं छप्पर झालं. पहिला पाऊस झाला, एक थेंब गळला नाही. मास्तरांनी भाषण केलं. त्यात कौलं पक्की असल्याचं आलं, गावाच्या एकजुटीचं आलं, धुराड्याच्या कष्टाचं आलं. पद कुणी म्हटलं, ते आलं नाही. मी खाली मान घालून बसलो होतो. उठून सांगायला काय झालं होतं मला? तेव्हा जीभ उचलली नाही, म्हणून आता ज्याला त्याला जवळ बोलावून सांगत असतो.

धुराडं अजून भट्ट्या लावतो. नाव तेच राहिलं. मोठ्या आचेला मातीच्या नऊ विड्या मांडतो आणि फाटक्या आवाजात ते पद म्हणतो. दुसरं कडवं झालं की थांबतो. तिसऱ्यानंतर पुन्हा थांबतो. त्याला स्वतःला खोकला नाही, त्याची छाती अजून ठणठणीत. ती जिथं खोकायची, तिथं तो गप्प राहतो. हवा कोंदट असली तर जास्त वेळ. त्या जागा मोकळ्या ठेवल्या नाहीत तर कौलं कच्ची निघतात, त्यानं करून बघितलंय.

मी भिंतीच्या अलीकडं असतो. त्या गप्प जागा मला ऐकू येतात. तेव्हापासून माझ्याच्यानं गाणं होत नाही.

झाली गोष्ट. आता उठाल, घरी जाल. वाटेत शाळा लागेल. पाऊस असला आणि आतली पोरं कोरडी बसलेली दिसली, तर क्षणभर थांबा आणि माझ्या वहिनीची आठवण काढा. तिनं कधी विडी ओढली नाही.