लोखंडासारखी हो

दचकू नका. हा जो धडधडाट ऐकू येतोय ना, तोच माझा आवाज. मी एमआरआयचं यंत्र बोलतोय, ग्रीसमधल्या एका बंदरगावच्या दवाखान्यातून.

माझ्या पोटात अजस्र चुंबक आहे. मला आत घ्यायला दवाखान्याची भिंत पाडावी लागली होती. एखाद्या जावयाचंही एवढं कौतुक होत नसेल! पाद्रीबुवांनी तुळशीच्या डहाळीने माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं आणि मी कामाला लागलो. माणसं माझ्या बोगद्यात निजतात, मी त्यांच्या आत डोकावतो. मेंदूतली गाठ, मणक्यात दबलेली नस, यकृतातला कर्करोग, सगळं दिसतं. सांगता मात्र येत नाही. ते काम माणसांचं, आणि माणसं नेमकी तिथेच कच खातात.

इथे कर्करोगाचं नाव कोणी घेत नाही. 'तो वाईट आजार' म्हणतात, तेही खालच्या आवाजात. आणि दुखण्यातून उठलेल्या बाईला म्हणतात, "सिदेरेन्या!" म्हणजे, लोखंडासारखी हो. काय तर म्हणे लोखंड! माझ्या खोलीत लोखंडाची टाचणीसुद्धा चालत नाही.

एवान्थियाबाई बंदरावर कॉफीचं दुकान चालवायच्या. सोनोग्राफीत शंका आली म्हणून मुलाने, प्रोद्रोमोसने, त्यांना आणलं. आत सरकतानाही बाईंचं तोंड चालूच. "पोरी, हे यंत्र आहे की लग्नाचा बँड?"

"मावशी, बोलू नका. श्वास रोखा," आरेती हसत म्हणाली. मला चालवते ती हीच.

बाईंनी श्वास रोखला आणि मला दिसलं. डाव्या मूत्रपिंडात सुपारीएवढी गाठ, अजून जागच्या जागी. तेव्हाच काढली असती तर बाई बऱ्या झाल्या असत्या.

दाराशी प्रोद्रोमोस काकुळतीला आला होता. "ताई, काही वाईट निघालं तर आईला कळू देऊ नका. धसक्यानेच जाईल ती."

बाई उतरल्या आणि आरेतीचा चेहरा निरखत राहिल्या. "खरं सांग बाळा, आहे का काही?"

आरेती गडबडली. तोंडातून निघून गेलं, "सिदेरेन्या, मावशी!"

झालं! बऱ्या झालेल्या माणसाचा शब्द ती आजारी माणसाला देऊन बसली. बाईंनी तिचे गाल कुरवाळले. मला तेव्हा ओरडावंसं वाटलं, पण मला ओरडण्याची बटणंही दुसऱ्यांच्या हातात.

पुढचं मी प्रोद्रोमोसच्याच तोंडून ऐकलं, वर्षभराने तो आईला चाकाच्या खुर्चीवरून घेऊन आला तेव्हा. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली होती. याने घरी सांगितलं, मुतखडा आहे. "खड्यासाठी पोट फाडून घेऊ? त्या पोरीने मला लोखंड म्हटलंय!" म्हणून बाई हटून बसल्या. पाठ धरली, पाय गेले, तरी याने खडाच धरून ठेवला.

या वेळी बाई आत एक शब्द बोलल्या नाहीत. रोग मणक्यांत उतरला होता. आता काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "पोरी, आज तरी त्याचं नाव घे."

आरेतीने मुलाकडे पाहिलं. मुलाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"कर्करोग," बाई स्वतःच म्हणाल्या. "घेतलं बघ नाव. छप्पर कोसळलं का? अरे, हा एक शब्द तू मागच्या वर्षी बोलला असतास, तर मी मुकाट्याने टेबलावर झोपले असते रे."

प्रोद्रोमोस लहान मुलासारखा रडला. मला तेही करता येत नाही.

माणसांनो, तुमचं कोणी माझ्याकडून घरी परत आलं, तर त्याचं दुखणं त्याच्यापासून लपवू नका. मला लवकर दिसतं, पण तुम्ही बोललात तरच त्याचा उपयोग. एवान्थियाबाईंना पुन्हा माझ्याकडे आणायची गरज पडली नाही.