सहाशे अठराव्या ओळीखाली

साक्रीच्या एका आरोग्यसंस्थेत द्रौपदाबाई, सगळ्यांच्या अक्का, सात वर्षं रजिस्टर लिहीत होत्या. डोंगराकडच्या पाड्यांवर सिकलसेलची तपासणी व्हायची. ज्यांच्या रक्तात दोष निघायचा, त्यांचं नाव, गाव, वय अक्का स्वतःच्या अक्षरात उतरवायच्या. एकूण तीन रजिस्टरं आणि एक हजार त्रेचाळीस माणसं. त्यांतली निम्मी तरी त्यांना चेहऱ्यानं ठाऊक होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टर रविंद्र सरांनी सांगितलं, की आता सगळं कॉम्प्युटरवर राहील. रजिस्टरं धुळ्याला गेली, महिन्यानं परत आली आणि त्यांच्यामागोमाग मूळ जळगावची प्रज्ञा आली. पंचविशीची, बारीक चणीची पोरगी. नावं तिनंच धुळ्यात कॉम्प्युटरच्या शीटमध्ये टाइप केली होती आणि आता अक्कांना ती शीट चालवायला शिकवायची होती.

अक्कांच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. नावं यंत्रात गेली, यंत्र चालवणारी आली, मग आपलं इथं काय काम उरलं? शिकवणं हे नुसतं निमित्त असेल. गावांची, माणसांची माहिती आपल्या तोंडून काढून घ्यायची आणि मग घरी बसवायचं. सगळे तिला प्रज्ञा म्हणत. अक्का मात्र ठरवून मॅडम म्हणू लागल्या.

प्रज्ञा माउसला हातच लावत नसे. टॅब दाबलं की शेजारच्या चौकटीत, एंटर दाबलं की खालच्या, कंट्रोल आणि होम दाबलं की थेट पहिल्या चौकटीत. कंट्रोल धरून खालचा बाण दाबला, की पडदा सर्रकन सरकायचा आणि भलतंच गाव समोर यायचं. मधली माणसं अक्कांना दिसायचीच नाहीत. एवढ्या घाईनं पानं उलटणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं, असं त्यांना वाटे. त्या स्वतः नुसता बाण दाबत एकेक ओळ खाली उतरत, रजिस्टरवर बोट ठेवून. चाळीस नावांना अर्धा तास लागे. प्रज्ञा हसून म्हणायची, "अक्का, अशानं संध्याकाळ होईल." ते हसू अक्कांना टोचायचं.

एकदा ती बाहेर ओट्यावर फोनवर बोलत होती. "अक्कांचं झालं की मी मोकळी," एवढंच अक्कांच्या कानावर आलं. त्या दिवशी त्यांनी डबा न खाता परत नेला.

शिकायचं मात्र सोडलं नाही. आपल्याला येत नाही असं म्हणायला कुणाला जागा ठेवायची नव्हती. प्रज्ञासमोर त्या काही लिहीत नसत, पण घरी जाऊन नातीच्या जुन्या वहीत सगळी बटणं उतरवून काढत.

मंगळवारी दुपारी प्रज्ञा जेवायला गेली, तेव्हा अक्का पहिल्यांदा एकट्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. वहीत बघून कंट्रोल आणि होम दाबलं. मग बाण दाबत नावांच्या रकान्यात आल्या, कंट्रोल धरला आणि खालचा बाण दाबला. पडदा सरकला आणि थांबला. नाव होतं झुलाल. डाव्या कडेला आकडा होता सहाशे अठरा, म्हणजे वरची मथळ्याची ओळ सोडून सहाशे सतरा माणसं.

हे बटण यादीच्या शेवटी नेतं, असं प्रज्ञानंच सांगितलं होतं. म्हणजे शेवटचा माणूस झुलाल? त्याच्यानंतर आख्खं तिसरं रजिस्टर होतं, दुसऱ्याचीही बरीच पानं होती. अक्कांनी कंट्रोल आणि होम दाबून पुन्हा तेच केलं. पुन्हा झुलाल.

शेजारी शुक्रवारच्या शिबिराची छापील यादी पडली होती. फेरतपासणीला आणि गोळ्या न्यायला कुणाला बोलवायचं, त्याची. अक्कांनी शेवटचं पान उलटलं. तिथंही शेवटी झुलालच. त्याच्या पुढचे सहा पाडे कुठंच नव्हते.

अक्कांनी तिन्ही रजिस्टरं कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. प्रज्ञा आली तेव्हा त्या पाठ करून छापील यादी मोजत बसल्या. रविंद्र सर तीन वाजता आले तेव्हा मात्र उभ्या राहिल्या.

"सर, माझ्याकडे एक हजार त्रेचाळीस माणसं शेत. मॅडमच्या मशीनमध्ये सहाशे सतरा. बाकीची कोठे गयात, ते त्यांना विचारा." आवाज चढला नव्हता, पण 'आहेत'चं 'शेत' झालं, घरची अहिराणी आपसूक बाहेर पडली.

प्रज्ञा गोंधळून खुर्चीत बसली. तिनं अक्कांनी केलं तेच केलं आणि झुलालपाशी थांबली. मग एकच ओळ खाली गेली. सहाशे एकोणिसाव्या ओळीत नावाची चौकट रिकामी होती. शेजारी गाव होतं, वय होतं. तिनं पुन्हा कंट्रोल आणि बाण दाबला, मग आणखी एकदा. आकडा आला एक हजार चव्वेचाळीस. वरची मथळ्याची ओळ सोडली तर सगळी माणसं जागेवर होती.

"रिकामी चौकट आली की हे बटण तिच्या अलीकडेच थांबतं," प्रज्ञा म्हणाली. मग तिची नजर छापील यादीकडे गेली आणि चेहरा उतरला. यादीसाठी नावं उचलताना तिनं हेच बटण वापरलं होतं. खाली आणखी माणसं आहेत, हे तिनं तपासलंच नव्हतं. चारशे सव्वीस जणांना शिबिराचा निरोपच जाणार नव्हता.

सर काही बोलणार, तेवढ्यात अक्कांनी कुलूप काढलं आणि दुसरं रजिस्टर उघडलं. ती रिकामी जागा त्यांच्याच हातची होती. एक आजी नातीला घेऊन आली होती. पोरीचे आईबाप ऊसतोडीला गुजरातकडे गेले होते आणि आजीला कागदावरचं नाव ठाऊक नव्हतं. ते परतले की भरू, म्हणून अक्कांनी जागा मोकळी सोडली होती. पाच वर्षं ती तशीच राहिली. प्रज्ञानं जसं होतं तसं उतरवलं होतं.

"ही चूक माझीही आहे सर," अक्का म्हणाल्या. हे बोलणं त्यांना जड गेलं.

सर दोघींकडे बघून म्हणाले, की चूक कुणाची ते शनिवारी बघू, आधी माणसांना निरोप पोचवा.

पुढचे दोन दिवस दोघी समोरासमोर बसल्या. प्रज्ञा पाड्याचं नाव वाचायची आणि अक्का सांगायच्या, तिथं फोन कुणाकडे आहे, रेंज कुठल्या टेकडीवर येते, कोण आता सुरतेला राहतं. अंगणवाडीच्या बाईंनी पोरीचं नाव फोनवर कळवलं, रोशनी. अक्कांनी ते एकेक अक्षर शोधून टाइप केलं.

निरोप संपले तेव्हा प्रज्ञानं स्वतःहून सांगितलं, की तिला जळगावातच दुसरी नोकरी लागली आहे आणि इथली शीट अक्कांच्या हाती सोपवली की ती जाणार आहे. अक्कांनी आपला डबा तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "जेवली का गं प्रज्ञा?"

शुक्रवारी शिबिराला सकाळपासून रांग लागली. सहाही पाड्यांची माणसं जीप भरभरून आली. अक्का टेबलाशी बसून आलेल्यांच्या नावांपुढे खूण करत होत्या आणि दर तासाला आकडा रजिस्टरशी ताडून बघत होत्या. प्रज्ञानं त्याची गरज नाही असं सांगून पाहिलं. अक्कांनी मान हलवली आणि पुढचं पान उघडलं.