पाहुण्यांनी हात लावायचा नाही

आत्याच्या तळ्याकाठच्या लॉजमध्ये एक नियम होता: पाहुण्यानं इकडची काडी तिकडे करायची नाही. भाची शहरातली नोकरी सोडून मदतीला आली, तर तिलाही तोच नियम! तिनं झाडू उचलला की आत्या हिसकावून घ्यायची. "राहू दे गं, चार दिवसांसाठी आलीस." चार दिवस म्हणता म्हणता दोन वर्षं झाली. भाचीला तिथेच राहायचं होतं, कायमचं. पण साधी चादर बदलायची परवानगी नाही म्हटल्यावर माणसानं घर आपलं म्हणायचं तरी कसं?

त्यात तळं जलपर्णीनं भरलं. वरून हिरवंगार, खाली पाण्याचा जीव गुदमरलेला. येणारे खिडकीतून बघायचे, नाक मुरडायचे आणि दुसरीकडे जायचे. भाचीनं डोकं लढवलं आणि जाहिरात दिली: या, राहा, आणि तळं मोकळं करून जा. जागा नुसती बघून जायची नाही, सुधारून जायची, असं पर्यटन हल्ली लोकांना हवंच असतं.

"पाहुण्यांकडून घाण उपसून घेणार?" आत्यानं कपाळावर हात मारला. "त्यापेक्षा कुलूप लावते लॉजला!"

तरी पाच जण आले. गमबूट, हातमोजे, टोप्या, अगदी जय्यत तयारी. नाश्ता करून बाहेर येतात तर काय, काठ लख्ख! आत्यानं पहाटेच हात पोचेल तिथपर्यंत सगळं उपसून टाकलं होतं. पुढे जायला होडी होती, पण तिची वल्ही बाईंनी स्वतःच्या खोलीत कोंडलेली. "तुम्ही बसा हो, मी आहे ना," वर हेही.

दुसऱ्या दिवशी तेच. त्यांतले निवृत्त दंतवैद्य तर रडकुंडीला आले. "अहो बाई, बसायचंच होतं तर घरी काय वाईट होतं?"

तिसऱ्या दिवशी आत्याची कंबर धरली. भाचीला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. तिनं संधी साधली. "आत्या, हे पाहुणे नाहीतच. यांना घरचे समज."

"घरचे?" आत्यानं उशीवरून मान वर केली. "नक्की?"

"नक्की."

झालं! आत्यानं वल्ही बाहेर काढायला सांगितली, खुर्ची काठावर मांडून घेतली आणि तोफखाना सुरू केला. "अहो डॉक्टर, मुळं आत राहिली की! दात असेच काढत होतात का?" "ढीग पाण्याला लागून कशाला घालताय? वाऱ्यानं परत आत जाईल! डोळे काय गावाला गेलेत?"

भाचीला वाटलं, आता हे सगळे बॅगा भरणार! ती माफी मागायला दंतवैद्यांकडे धावली, तर ते चिखलात उभे राहून हसत होते. "मागू नका माफी. बायको गेल्यापासून मला एवढ्या आपलेपणानं कोणी झापलं नव्हतं."

तेवढ्यात काठावरून आवाज आला, "आणि तू गं? बघत काय उभी राहिलीस? हात मोडलेत का? उचल ती पाटी! दोन वर्षं नुसती बसून खातेयस!"

भाचीचे डोळे भरून आले. तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि खताच्या खड्ड्याकडे पळत सुटली. अर्धी जलपर्णी वाटेतच सांडली.

"सांडू नकोस, वेंधळे!"

"दिसतंय मला!" भाची तितक्याच जोरात उलटून ओरडली.