सातारा ते सांगली, सरळ रेषेत

ढाबळीत दहा कबुतरं होती. सहा पांढरी, तीन करडी, एक निळसर. शनिवारी दिवेलागणीला दाणे टाकताना रेश्माने मोजली, आणि पुन्हा मोजली. तिच्या आबांची, लालासाहेबांची, कबुतरं मुळात दहाच. त्यातली निळी दुपारीच शर्यतीसाठी टेम्पोने साताऱ्याला गेली होती. उरायला हवी होती नऊ.

रविवारी सकाळी साताऱ्यात पेट्या उघडल्या आणि एक तास बत्तीस मिनिटांत निळी सांगलीत आपल्या ढाबळीवर उतरली. पंखाखाली शर्यतीचा शिक्का होता. दुसरं कबूतर शर्यतीतल्या प्रतिस्पर्ध्याचं, मानसिंगचं, ते बऱ्याच उशिरानं आलं.

"सव्वाशे किलोमीटर दीड तासात?" मानसिंग पंचांपुढे कडाडला. "लाला, कबूतर हाय का इमान? पाखरू घरीच ठेवून खोटा शिक्का मारलायस गड्या!"

"तोंड सांभाळून बोल रं!"

लबाडी ठरली तर लालासाहेबांचं नाव शर्यतीच्या मंडळातून कायमचं जाईल, असं पंच हंबीररावांनी बजावलं. फौजेतून परतल्यापासून आबांना दुसरा नाद नव्हता.

रेश्मा फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. तिने पंचांपुढेच नकाशा पसरून त्यावर पट्टी ठेवली.

"सव्वाशे हा एस.टी.चा रस्ता, काका. पाखरू कऱ्हाडला वळसा घालत नाही. सरळ रेषेत एकशे अकरा. म्हणजे ताशी बहात्तर."

"जमण्यासारखं हाय," हंबीरराव म्हणाले.

"जमण्यासारखं हाय म्हंजी घडलं, असं न्हाई," मानसिंग म्हणाला. रेश्माच्याही मनात तेच होतं.

घरी तिने विचारलंच. "आबा, शनिवारी ढाबळीत दहा कशी?"

"परकं आलं हुतं एक. हाकललं."

"कुणाचं?"

"मी काय त्याला नाव इचारलं?"

"मग उद्या मीच निळीला साताऱ्याला नेऊन सोडते."

"उद्या नगं. पाखरू दमलंय. दोन दिस जाऊ देत."

दोन दिवस कशाला हवेत, हा किडा तिच्या डोक्यात वळवळत राहिला.

बुधवारी पहाटे रेडिओच्या बातम्यांवर तिने आणि मानसिंगने घड्याळं जुळवली. टोपली मांडीवर घेऊन ती पहिल्या एस.टी.ने निघाली. साताऱ्यात स्टँडमागे निळीच्या पंखाखाली शाईने एक आकडा लिहिला. तो तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. बरोबर अकराला तिने निळी सोडली. सांगलीत मानसिंग ढाबळीखाली बसला होता. आबांना हंबीररावांनी आपल्या घरी बसवून ठेवलं होतं.

दीड वाजता तिने एस.टी.डी. बूथवरून ढाबळीशेजारच्या दुकानात फोन लावला. मानसिंग आला.

"आकडा कोणता?"

"सत्तेचाळीस."

"बरोबर. वेळ?"

पलीकडे मानसिंगने घसा खाकरला.

"एक तास एकोणतीस मिन्टं."